आणणाऱ्याचं नाव

शुभांगीला राग आला की ती शेगडी पुसायला घ्यायची. शेगडी स्वच्छ असली तरी. इथल्या शेगड्या काचेच्या, सपाट; स्वयंपाक झाला की मी लगेच पुसून ठेवते. तरी ती ओलं फडकं घेऊन यायची आणि त्या काचेवर अशी घासायची, जणू खालून काहीतरी वर काढायचंय. घासून झालं की फडकं पिळायची, वाळत टाकायची आणि मग बोलायची. त्याच्या आधी तिच्याशी कुणी बोलू नये. आमचे जावई अमोलराव एकदा बोलले आणि पस्तावले.

लोक तिला रागीट म्हणायचे. होतीच. पण चहा वेळेवर मिळाला नाही म्हणून चिडणारी माणसं मी जन्मभर पाहिली आहेत, त्यांच्या रागाची मला सवय आहे. शुभांगीचा राग निराळा होता. तिच्या रागात ती स्वतः कुठे नसायची.

माझ्या लेकीच्या, रेखाच्या बाळंतपणासाठी मी निफाडहून इथे आयर्लंडमध्ये, कॅरिगलाइनला आले. बाळ झालं, आणि माझ्या परतीच्या आधी करोनामुळे विमानं बंद झाली. त्याच वर्षी थंडीच्या सुरुवातीला शुभांगी आमच्या वरच्या लहान खोलीत भाड्याने राहायला आली. मूळची नागपूरची, शुभांगी वामन वानखेडे. तिच्या जुन्या घरातल्या मुली भारतात परत गेल्या आणि ती एकटी पडली होती. रेखाची आणि तिची ओळख इथल्या मंडळाच्या गणपतीतली. रिंगास्किडीला औषधांचे कारखाने आहेत, त्यातल्या एकात ती कामाला होती. तिथे गोळ्या बनवायची नवी यंत्रं बसत होती. कुणी कुठलं काम कधी करायचं, कुठलं आधी, कुठलं नंतर, हे सगळं सांभाळणं हे तिचं काम. काम तेव्हा घरूनच; तिच्या खोलीत टेबल मावत नव्हतं, म्हणून ती स्वयंपाकघरात बसायची. मी परक्या माणसाशी चटकन बोलू शकत नाही. रेखाच्या शेजारणींना मी अजून नुसतं हसून दाखवते. पण शुभांगी दिवसभर माझ्यासमोर, मी लसूण सोलत, ती कॉम्प्युटरवर बोलत. अशा माणसाशी किती दिवस मुकं राहणार?

चहा ती वाटीत प्यायची. मी घरून चार वाट्या आणल्या होत्या, त्यातली एक तिने धरली ती धरलीच. कपातला चहा निवेपर्यंत माझी मीटिंग संपते, म्हणायची. मीटिंगमध्ये कुणी तिला 'शूब्ज' म्हटलं की ती दर वेळी, हसत, न चुकता म्हणायची, शुभांगी. दुसऱ्या दिवशी पुन्हा शूब्ज, पुन्हा शुभांगी. मी विचारलं, कंटाळा येत नाही का? तर म्हणे, त्यांना येऊ दे आधी.

इथले लोक सगळ्याला 'ग्रँड' म्हणतात. चहा ग्रँड, पाऊस थांबला ग्रँड, पाय मोडला होता आता ग्रँड. शुभांगी ग्रँड म्हणाली की मात्र समजायचं, बिघडलं. ती आवाज बंद करायचं बटण दाबायची आणि नागपुरी सुरू व्हायची. "काहून बे, तुले एकदा सांगतलं तर समजत नाही काय?" मग बटण सोडून इतकं गोड इंग्रजी बोलायची की मांडीवरचं बाळ तिच्याकडे बघत राहायचं. एकदा बटण दाबायचं राहिलं. पलीकडच्या बाकी कुणाला मराठी येत नव्हती म्हणून निभावलं. एकाला येत होती. तो हसला नाही.

ते सरनाईकसाहेब. तिचे वरिष्ठ, पुण्याचे. त्यांचं नाव घेताना अजून माझे दात एकमेकांवर बसतात.

झालं असं. कारखान्याची सगळी कामं ती मंडळी इंटरनेटवरच्या एका जागी लिहून ठेवत. प्रत्येक कामाचं एक कार्ड. कार्डावर काम काय, कुणी केलं, कुणी काय सांगितलं, कुठे अडलं, सगळं. ती जागा दुसऱ्याच एका कंपनीची, भाड्याने घेतल्यासारखी. त्या कंपनीने कळवलं की आम्ही हे आता बंद करणार, एप्रिल अखेरपर्यंत आपापलं सामान काढून घ्या. मग नवी जागा ठरली, आणि इथलं सगळं तिथे हलवायची तयारी शुभांगीकडे आली. प्रत्यक्ष हलवायचं होतं शेवटी एकदाच, आणि ते सरनाईक स्वतः करणार होते.

तयारी करताना तिच्या लक्षात आलं. नव्या जागेत ज्याचं खातं आहे, त्याच्या कामावर त्याचं नाव आपोआप बसतं. ज्याचं खातं नाही, त्याच्या कामावर सामान आणणाऱ्याचं नाव बसतं. आणि आदल्या उन्हाळ्यात कारखान्याने बरीच माणसं कमी केली होती. कंत्राट संपलं, घरी जा. त्यांची खाती कोण काढणार? त्यांनी केलेलं सगळं नव्या जागेत सरनाईकांनी केलं असं दिसणार होतं.

हे ती मला सांगत होती तेव्हा शेगडी दोनदा पुसून झाली होती.

त्यातला एक गणेश बोरसे. धुळ्याचा मुलगा, यंत्रं तपासायचा. पाण्याच्या एका पंपाबद्दल त्याने लिहून ठेवलं होतं की हा असा चालू करू नका, आतून गंज सुटतोय. सरनाईक म्हणाले होते, चालेल, करा. त्याने नेट धरला, पंप उघडायला लावला, आणि गंज निघाला. मोठं नुकसान टळलं. तरी त्याचं कंत्राट संपलं ते संपलं. भारताने आपली माणसं न्यायला विमान पाठवलं, त्यात बसून तो गेला. धुळ्याहून तो अधूनमधून शुभांगीला फोन करायचा. पुण्यात नोकरीसाठी मुलाखती देत होता. तिथे विचारायचे, तुम्ही आयर्लंडमध्ये नक्की काय केलं? तो म्हणायचा, "ताई, माझी कार्डं आहेत ना जागेवर? कुणी विचारलं तर दाखवता येतील ना?"

ती म्हणायची, आहेत. फोन ठेवला की ग्रँड म्हणायची.

मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. पण हे कळलं. माझ्या लग्नात आईने पितळी हंडा दिला होता, त्यावर कासाराकडून माझं नाव घालून. आमच्याकडे भांडं देताना नाव घालतातच. दीर वेगळे निघाले तेव्हा वाटणीत हंडा माझ्याकडे आला पाहिजे होता. जाऊबाईंनी तो आधीच कल्हईवाल्याकडे नेऊन काठ घासून घेतला आणि आपलं नाव घातलं. नाव कुठे होतं ते दिसायचं, तेवढी जागा जास्त चकाकायची. त्यांच्या दारात पाणी तापायचं त्या हंड्यात. मी जाता-येता बघायची.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. रेखालासुद्धा नाही. शुभांगीला सांगून टाकलं.

तिने विचारलं, "मग तुम्ही काय बोललात?"

मी म्हटलं, मी काय बोलणार.

ती उठली. मला वाटलं आता माझ्यावर ओरडणार, बायकांनी बोलायला शिकलं पाहिजे वगैरे. तसं रेखा करते. शुभांगीने फडकं घेतलं, मग तसंच ठेवलं. म्हणाली, "तुम्ही बोलला नाहीत ते जाऊ द्या काकू. घासलं तिनं. चूक तिची." इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

नाताळात थोडी मोकळीक मिळाली, एकमेकांच्या घरी जाता येऊ लागलं, तेव्हा सरनाईक जेवायला आले. अमोलरावांनीच बोलावलं; परदेशात आपल्या माणसाला धरून राहावं असं त्यांचं म्हणणं. साहेब आले ते वाकून माझ्या पाया पडले. मी भरली वांगी आणि बाजरीची भाकरी केली होती. काकू, आईची आठवण आली, म्हणाले. बाळाच्या हातात खाऊ दिला. शुभांगी माझी धाकटी बहीण आहे, असं अमोलरावांना सांगितलं. माणूस गोड होता. माझी जाऊही गोड होती.

जेवताना शुभांगीने विषय काढला. गेलेल्यांची साधी खाती काढा, नुसती नावापुरती. सरनाईक हसले. "अगं, गेले ते लोक. कंपनी त्यांच्यासाठी खाती घेणार आहे का? आणि जुन्या कार्डांत बघतंय कोण?"

ती म्हणाली, कुणी बघत नसेल तर तुमचं नाव तरी कशाला बसवायचं?

"मी बसवतोय का? ते आपोआप बसतं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काकू, तुम्हीच सांगा हिला. काम कंपनीचं असतं की माणसाचं?"

माझ्या तोंडावर आलं होतं, की बाबा, ही वांगी कुणाची, घराची की माझी? आत्ता तर आईची आठवण काढत होतास. पण सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी भाकरी आणायला उठले. त्यांची ती भाकरी करपली. मुद्दाम केलं नाही, पण दुसरीही केली नाही.

ते गेल्यावर अमोलराव म्हणाले, माणूस चांगला आहे, तू उगाच ताणतेस. शुभांगी म्हणाली, "बरं, मग?" हे तिचं नेहमीचं. समोरच्याचं बोलणं संपलं की ती एवढंच म्हणायची, आणि समोरच्याला कळायचं की आपण अजून काहीच बोललेलो नाही.

जानेवारीपासून तिने लिहायला घेतलं. नाव बसायची जी जागा असते तिथे तिचा इलाज चालणार नव्हता, म्हणून ती कार्डाच्या आत, मजकुराच्या पहिल्या ओळीत लिहू लागली. हे काम गणेश बोरसे यांनी केले. हे काम अमक्या पोलिश बाईने केले. हे तमक्याने. इंग्रजीत लिहायची आणि लिहिता लिहिता माझ्यासाठी मराठीत पुटपुटायची. एकेक कार्ड उघडायचं, वाचायचं, कुणाचं ते ठरवायचं, लिहायचं. खात्री नसेल तर त्या माणसाला फोन. माणसं कुठे कुठे पांगलेली. एक बाई पोलंडमध्ये आईची शुश्रूषा करत होती, ती फोनवर रडली म्हणे, की कुणी विचारलं तरी. हे सगळं नेहमीचं काम सांभाळून. बाहेर जायला बंदी, पाच किलोमीटरच्या पुढे पोलीस अडवायचे. ती म्हणायची, बरं झालं, कुठे जायचंच नाही.

एकदा रेखाने बाळाला भरवता भरवता विचारलं, तुझ्या स्वतःच्या कार्डांवर लिहिलंस का? सगळ्यात जास्त कामं तर तिचीच होती. नव्या यंत्रांची सगळी आखणी तिने पहिल्यापासून केलेली.

ती म्हणाली, "माझं कशाला? मी आहे ना इथं. माझं खातं आहे, आपोआप बसेल."

मार्चच्या सुरुवातीला मीटिंगमध्ये ते निघालं. त्या दिवशी वरचे आयरिश साहेबही होते, आणि तिच्याबरोबर काम करणारी नोरा म्हणून एक मुलगी. सरनाईक म्हणाले, कार्डांत भलत्या ओळी घुसल्यात, दिसायला घाण दिसतं, काढून टाक. मी कणीक मळत होते. शुभांगीने बटण दाबलं नाही. नागपुरीही आली नाही. शांत आवाजात ती इंग्रजीत बरंच बोलली, आणि ते नंतर रेखाने मला सांगितलं. ती म्हणाली होती, "ज्याचं नाव आहे त्यानं मला फोन करून सांगावं, की हे काम मी केलेलं नाही. लगेच पुसते." आणि मग एकेक कार्ड वाचायला लागली. नाव आणि काम, नाव आणि काम. पंपाचं आलं तेव्हा वरच्या साहेबांनी थांबवलं आणि विचारलं, हे या मुलाने पकडलं होतं? मला वाटलं होतं... मग म्हणाले, ओळी राहू द्या.

सरनाईक म्हणाले, ग्रँड.

त्या दिवशी शुभांगीने शेगडी पुसली नाही. मी शिरा केला.

महिना संपायच्या आत तिचं कंत्राट वाढवणार नाहीत असं पत्र आलं. कारण, खर्च. सरनाईकांचा फोन मराठीत आला. "माझ्या हातात काही नव्हतं गं. तू तर मला बहिणीसारखी." ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "बरं, मग?" त्यांनी फोन ठेवला. ज्या दिवशी शेवटचा दिवस, त्याच संध्याकाळी तिचं खातं बंद झालं. स्क्रीनवर बघता बघता ती बाहेर फेकली गेली. ती म्हणाली, दारवानसुद्धा जरा थांबतो.

नवी नोकरी तिला लांब पोर्टलीश गावी मिळाली, लवकरच जायचं होतं. सामान बांधत होती तेव्हा नोराचा फोन आला. हात गुंतले होते म्हणून तिने आवाज मोठा करून फोन ओट्यावर ठेवला. नोरा भरभर बोलते, पण रेखा शेजारी बसून मला हळू आवाजात सांगत होती. पुण्याच्या एका कंपनीने गणेशची चौकशी केली होती. नोराने नवी जागा उघडली, त्याच्या प्रत्येक कार्डावर पहिल्याच ओळीत त्याचं नाव, तसं तिने कळवून टाकलं. गणेशला नोकरी लागली. शुभांगीने डोळे मिटले. मी देवाला हात जोडले.

मग नोरा म्हणाली, पण शुभांगी. ती एकटी तिला नीट शुभांगी म्हणायची. पण शुभांगी, तुझी कार्डं.

सामान हलवलं गेलं ते शुभांगीची नोकरी संपल्यानंतर आठवड्याने. तेव्हा तिचं खातं नव्हतं. तिच्या कार्डांत पहिली ओळही नव्हती. यंत्रांची आखणी, वेळापत्रकं, अडचणी, उत्तरं, सगळ्यावर आणणाऱ्याचं नाव. नोरा म्हणाली, तुमच्या त्या माणसाला जरा तरी लाज आहे का? इथे कुणालाही 'तुमचा माणूस' म्हणायची रीत आहे, पण मला ते टोचलं. आमचाच होता तो. आमच्या ताटात जेवला होता. नोराने त्याला बदलायला सांगितलं, तर म्हणाला, बघू. जुनी जागा तोवर कायमची बंद झाली होती. पुन्हा आणायला मागे काही उरलं नव्हतं.

शुभांगी उभीच होती. हातात घडी घातलेला स्वेटर. मग हसली. "सगळ्यांचं लिहिलं काकू. माझंच नाही सुचलं."

मला हसू आलं नाही. असा राग आला की मी कधी न केलेली गोष्ट केली. फडकं घेतलं आणि शेगडी घासायला लागले. जन्मभराचा त्यात होता, हंड्याचासुद्धा. शुभांगी बघत राहिली. थोड्या वेळाने माझ्या हातातून फडकं काढून घेतलं, पिळलं, वाळत टाकलं. "काच जाईल," म्हणाली.

ती गेली तो दिवस कोरडा होता. अमोलराव तिला गाडीने सोडणार होते. तिची चहाची वाटी मी पेपरात गुंडाळून तिच्या पिशवीत घातली. तिने ती बाहेर काढून काठ बघितला. त्यावर कोरलेलं होतं, मामाकडून चि. लीलास. लीला मी.

"यावर तुमचं नाव आहे," ती म्हणाली.

मी म्हटलं, असू दे, घासून घे हवं तर.

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी खाली मान घातली. वाटी पुन्हा पेपरात गुंडाळली, कपड्यांच्या मधोमध ठेवली.

गाडी निघाली आणि फाटकाशी थांबली. मला वाटलं काही विसरली. दार उघडून ती उतरली, आमच्या कचऱ्याच्या डब्यांकडे गेली, कागद-प्लास्टिकच्या हिरव्याचं झाकण उघडलं, आतून भाजीच्या देठांची पिशवी काढून ओल्या कचऱ्याच्या तपकिरी डब्यात टाकली, आणि गाडीतल्या अमोलरावांना काहीतरी सुनावलं. काचेमुळे ऐकू आलं नाही. मग बसली आणि गेली. मागे वळून बघितलं नाही. ती कधी बघायची नाही.

सरनाईक त्याच नव्या यंत्रांच्या जोरावर वर चढले, असं अमोलरावांनी जेवताना सांगितलं. मी ताटावरून उठून आले. रेखाने बाळासाठी चित्रांची वही आणली आहे, तिच्या कोऱ्या पानांवर हे लिहिते आहे. कुणाला दाखवायचं नाही. माझं अक्षर चौथीतलं, पण ही ओळ मी ठळक काढते आहे.

रिंगास्किडीच्या कारखान्यातल्या नव्या यंत्रांची आखणी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. हे काम शुभांगी वामन वानखेडे हिने केले.